कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना दुखण्यावर काय घ्यावे

"गुडघ्यावर एक चांगली गोळी द्या की" असे मेडिकलमध्ये म्हटले की गोळी मिळते. देणाऱ्याला एवढेच कळते की गुडघा दुखतोय. कोलेस्टेरॉलची गोळी मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिली आहे, बीपीची बेळगावच्या डॉक्टरांनी आणि आत्ताची कुणीच लिहिलेली नाही, हे त्याला कसे कळणार? सीमाभागात हे फार घडते. निपाणी-चिकोडीकडचा माणूस हृदयासाठी कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतो, हाडांसाठी गडहिंग्लजला जातो आणि औषध घेतो गावच्या चौकात. खानापूरचा बेळगावात दाखवतो. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कुणाच्याच डोळ्यांखालून जात नाहीत. म्हणून त्या एकत्र पाहण्याचे काम घरातच करावे लागते. ते कसे करायचे ते पुढे दिले आहे.

कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांचे, म्हणजे स्टॅटिनचे, आणि दुखण्यावरच्या गोळ्यांचे थेट भांडण फारसे नाही. अपाय होतो तो आडवाटेने. काही जणांना स्टॅटिनमुळेच अंग दुखते आणि दुखण्याची गोळी ती खूण झाकून टाकते. स्टॅटिन घेणाऱ्याला पुष्कळदा ॲस्पिरिन आणि बीपीची गोळीही चालू असते आणि खरी ठिणगी त्यांच्याशी पडते. शिवाय किडनी किंवा लिव्हर दमले की स्टॅटिनही जड जाऊ लागते. त्यामुळे "कोणती गोळी" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे, हे दुखणे कुठले?

पाकीट उलटून पाहा

घरातल्या सगळ्या गोळ्या ताटात काढा आणि कंपनीचे नाव सोडून मूळ औषधाचे नाव वाचा. ज्याच्या शेवटी "स्टॅटिन" आहे ती कोलेस्टेरॉलची गोळी. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन आपल्याकडे सर्वांत जास्त चालतात. सिम्व्हास्टॅटिन आता कमी दिसते. सोबत फेनोफायब्रेट किंवा एझेटिमाइब असे दुसरे नाव असेल तर तेही लिहून ठेवा.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. कोलेस्टेरॉलची म्हणून घेतलेल्या कॅप्सूलमध्ये कधी कधी रक्त पातळ ठेवणारे औषधही भरलेले असते. इकोस्प्रिन एव्ही ७५/१० म्हणजे ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ आणि अटोर्व्हास्टॅटिन १० मिग्रॅ. इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्यावर क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅही असते. "मी ॲस्पिरिन घेत नाही" असे सांगणाऱ्या कितीतरी जणांच्या पोटात ते रोज जात असते.

मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव उरलेल्या तुकड्यावर राहते आणि आपल्या हाती कोरी चांदी येते. नाव असलेला तुकडा मागून घ्या, नाहीतर कापायच्या आधी पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढा. काही बिघडले तर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, "काय घेतलं होतं?" आणि "पांढरी गोल गोळी" या उत्तराने त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

हे दुखणे कुठले?

जून-जुलैत खानापूर भागात रोप लावणी असते. दिवसभर वाकून चिखलात काम केले की कंबर आणि मांड्या भरून येणारच. अथणी-रायबागकडे कारखान्यांचा हंगाम लागला की ऊस तोडणाऱ्याचे खांदे दुखणारच. अशी दुखणी श्रम केल्यावर येतात, दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने उतरतात आणि ज्या बाजूला जास्त ताण पडला तिथे जास्त असतात. गुडघ्याच्या संधिवाताचे दुखणे सांध्यात असते. उठता-बसता आणि जिना उतरताना कळ येते, सकाळी थोडा वेळ गुडघा आखडतो.

स्टॅटिनचे दुखणे वेगळे ओळखता येते. ते सांध्यात नसून मांसात असते आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच: दोन्ही मांड्या, दोन्ही पिंढऱ्या, ढुंगणाचे स्नायू, दोन्ही खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा तिचा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत ते सुरू होते. नुसते दुखत नाही, ताकदही कमी वाटते. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, बसची पायरी चढताना पाय उचलत नाही, डोक्यावरची घागर उतरवताना हात थरथरतात. या खुणा जुळत असतील तर वेदनाशामक घेऊन दिवस ढकलू नका. गोळीने कळ जाईल आणि स्नायूंची झीज तशीच चालू राहील.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोठमोठ्या चाचण्यांची माहिती २०२२ साली एकत्र करून तपासली तेव्हा असे दिसले की स्टॅटिन घेणाऱ्यांच्या अंगदुखीच्या दहापैकी नऊहून अधिक तक्रारी त्या गोळीमुळे नव्हत्याच. वय, श्रम, ड जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेले थायरॉइड अशी कारणे निघतात. म्हणून शेजाऱ्याने सांगितले म्हणून गोळी बंद करायची नाही. स्टेंट बसलेल्या किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाने तर मुळीच नाही. या गोळीमुळे रक्ताच्या नळीतला चरबीचा थर स्थिर राहतो आणि गोळी सोडल्याचा तोटा लगेच जाणवत नाही.

शंका आली की करायच्या गोष्टी अशा. दुखणे कधी सुरू झाले आणि गोळी कधी सुरू झाली या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. डॉक्टरांना भेटून सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या, सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि ड जीवनसत्त्व. तपासणीच्या आधी तीन-चार दिवस जड काम टाळा, कारण दिवसभर लावणी केलेल्या धडधाकट माणसाचाही सीपीके वाढलेला येतो. दुखण्यासाठी कमरेत इंजेक्शन घेतले असेल तर तेही सांगा. स्नायूत टोचलेल्या सुईनेसुद्धा आकडा चढतो आणि दोष मात्र स्टॅटिनवर येतो. सीपीके नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दहापट झाला तर डॉक्टर गोळी लगेच थांबवतात. त्याहून कमी असेल तर दोन ते चार आठवडे बंद ठेवून पाहतात, मग कमी डोस किंवा दुसरी स्टॅटिन देतात. रोझुव्हास्टॅटिन २० किंवा ४० चालू असेल तर डोसबद्दल आवर्जून विचारा. या औषधाची रक्तातली पातळी आशियाई माणसांत गोऱ्या लोकांच्या साधारण दुप्पट राहते.

पहिली निवड पॅरासिटामॉल

दुखणे श्रमाचे, तापाचे, डोक्याचे किंवा गुडघ्याचे आहे हे ठरले की पॅरासिटामॉल घ्या. क्रोसिन, कॅलपोल, डोलो ही सगळी त्याचीच नावे. स्टॅटिनशी ते भांडत नाही, ॲस्पिरिनच्या कामात आड येत नाही आणि पोटाला खात नाही. दोन्ही गोळ्यांमध्ये वेळ सोडायचीही गरज नाही. रात्री जेवल्यावर दोन्ही एकदम घेतल्या तरी चालते.

प्रमाण मात्र पाळा. ६५० मिग्रॅची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तास, दिवसात जास्तीत जास्त ४. ५०० ची असेल तर एका वेळी एक, फार तर दोन. धडधाकट माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, पण साठी ओलांडलेल्यांनी ३ ग्रॅमच्या आतच राहावे. दारू रोज असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर २ ग्रॅमच्या आत आणि तेही डॉक्टरांना विचारून. ४० किलोच्या आजीला ६५० च्या चार गोळ्या देऊ नका. तिचा हिशेब किलोमागे एका वेळी १५ मिग्रॅ, म्हणजे ५०० ची एक गोळी पुरे, दिवसात चारपेक्षा जास्त नको.

बहुतेक चुका इथे होतात त्या मोजण्यात. सर्दीवरच्या सिनारेस्ट, डी-कोल्ड टोटल किंवा विक्स ॲक्शन ५०० मध्ये पॅरासिटामॉल असते. डोकेदुखीच्या सॅरिडॉनमध्येही असते. कॉम्बिफ्लॅममध्ये ३२५ मिग्रॅ. अंगदुखीसाठी डोलो, सर्दीसाठी दुसरी आणि डोक्यासाठी तिसरी गोळी घेतली की एकच औषध तीन नावांनी पोटात जाते. स्टॅटिन चालू असलेल्याच्या तपासणीत मग एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, वाढलेला दिसतो आणि चांगली चाललेली कोलेस्टेरॉलची गोळी विनाकारण बंद होते. पॅरासिटामॉल जास्त झाल्यास पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, लिव्हरचा त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो. चुकून जास्त गेल्याचे कळले तर उलटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा. वेळेत पोचले तर त्यावर उतारा आहे.

ताप तीन दिवसांत किंवा दुखणे आठवडाभरात हटले नाही तर गोळी पुढे रेटू नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची भावंडे

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नॅप्रॉक्सेन ही सगळी एकाच घराण्यातली. डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक कायद्याने चिठ्ठीवरच द्यायची औषधे आहेत. पाकिटावरची उभी लाल पट्टी त्याचीच खूण. तरी ती मागितल्यावर मिळतात, आणि सूज-ठणक्यावर पॅरासिटामॉलपेक्षा जास्त गुण येतो म्हणून लोकांना आवडतात. गुण येतो हे नाकारत नाही, पण कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेला माणूस हा बहुधा हृदयाचा, बीपीचा किंवा मधुमेहाचा पेशंट असतो, आणि त्याच्यासाठीच ही औषधे सर्वांत अवघड आहेत.

ॲस्पिरिनचे उदाहरण घ्या. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये एक जागा असते. ७५ मिग्रॅचे ॲस्पिरिन त्या जागेवर कायमचे बसते आणि ती प्लेटलेट आठ-दहा दिवसांनी मरेपर्यंत गुठळी धरू देत नाही. आयब्युप्रोफेन आधी पोचले तर ते बसच्या सीटवर रुमाल टाकल्यासारखे जागा अडवते. ॲस्पिरिन येते, जागा भरलेली पाहून पुढे जाते आणि थोड्याच वेळात रक्तातून निघून जाते. काही तासांनी आयब्युप्रोफेनही उठते. जागा मोकळी, पहारेकरी गेलेला. स्टेंट असलेल्या माणसाला वाटते आपण गोळी रोज घेतोय, पण त्या दिवशी तिचा उपयोगच झालेला नसतो. साध्या, लवकर विरघळणाऱ्या ॲस्पिरिनसाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००६ मध्ये सांगितलेला हिशेब असा: आयब्युप्रोफेन ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने, किंवा त्याच्या ८ तासांहून आधी. आपल्याकडची इकोस्प्रिन मात्र आवरण असलेली, आतड्यात विरघळणारी असते. तिला हा अर्ध्या तासाचा हिशेब लागू पडत नाही. म्हणून ॲस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन घेऊच नये हे उत्तम, आणि रोज तर नाहीच. दोन्हींचा मिळून पोटातला रक्तस्राव वाढतो, तो धोका वेगळाच.

डिस्प्रिनबद्दलही सांगायला हवे. तीही ॲस्पिरिनच आहे, फक्त मोठ्या मात्रेत. डोके दुखले म्हणून इकोस्प्रिनवर डिस्प्रिन म्हणजे त्याच औषधाचा दुसरा डोस.

बीपीच्या गोळीचे गणित किडनीशी आहे. पाटाच्या पाण्याने ते चांगले समजते. किडनीच्या गाळणीत रक्त एका दारातून येते आणि दुसऱ्या दारातून जाते. डायक्लोफेनॅक घराण्यातली गोळी आत येणारे दार अरुंद करते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांसारखी बीपीची गोळी बाहेर जाणारे दार सैल करते. लघवी वाढवणारी गोळी मूळ विहिरीतले पाणीच कमी करते. टेल्मिसार्टन-एच अशा नावातला एच म्हणजे तेच औषध. तिन्ही एकत्र आली की गाळणीत पाणी साचतच नाही आणि क्रिएटिनिन चढते. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात घाम गाळून आलेला, किंवा जुलाब-उलट्यांनी कोरडा पडलेला माणूस दोन दिवसांत या अवस्थेला जाऊ शकतो. किडनी खूपच मंदावली की रोझुव्हास्टॅटिनची पातळी तिप्पट होते आणि स्नायूंची झीज ओढवते. अटोर्व्हास्टॅटिनवर किडनीचा तसा परिणाम नाही, पण किडनीला इजा व्हायची ती होतेच.

हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअर यांपैकी काही असेल तर डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक टाळा. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये अशा पेशंटसाठी डायक्लोफेनॅक वर्ज्य ठरवले. ॲस्पिरिन सोडून या घराण्यातली औषधे हार्ट अटॅकचा धोका वाढवतात आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेतही २०१५ पासून ठळकपणे छापला जातो.

ज्यांना यातले काहीच नाही, बीपी नाही, किडनी ठीक, पोटात अल्सर झालेला नाही आणि फक्त स्टॅटिन चालू आहे, त्यांनी मोच-ठणक्यासाठी आयब्युप्रोफेन २०० किंवा ४०० मिग्रॅ जेवणानंतर, दिवसाला १२०० मिग्रॅच्या आत, तीन ते पाच दिवस घेतले तर हरकत नाही. त्या दिवसांत भरपूर पाणी प्या. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ असते, म्हणजे तीन गोळ्यांत दिवसाची मर्यादा संपली.

चोळायचे मलम आणि ॲसिडिटीचे औषध

एकाच गुडघ्याचे किंवा मनगटाचे दुखणे असेल तर पोटात गोळी घेण्याआधी डायक्लोफेनॅक जेल लावून पाहा. गोळीच्या तुलनेत फार थोडे औषध रक्तात जाते. गुडघ्याला २ ते ४ ग्रॅम, म्हणजे चेरीएवढा ते अक्रोडाएवढा गोळा, दिवसात तीन-चार वेळा हलक्या हाताने लावा. त्यावर लगेच गरम शेक देऊ नका किंवा घट्ट पट्टी बांधू नका, औषध जास्त शोषले जाते. शेक द्यायचा तर वेगळ्या वेळी द्या. ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर तीव्र वासाची, मिथाइल सॅलिसिलेट असलेली मलमे मोठ्या भागावर रोज चोळू नका, रक्त जास्त पातळ होते.

दुखण्याच्या गोळीने छातीत जळजळते म्हणून मागोमाग डायजिन, जेल्युसिल घेण्याची सवय आहे. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे हे औषध रोझुव्हास्टॅटिनसोबत घेतले तर स्टॅटिन जवळपास निम्मेच शोषले जाते. आधी रोझुव्हास्टॅटिन, मग किमान दोन तासांनी ॲसिडिटीचे औषध.

दुखण्याची नाहीत, पण घोळ घालतात

कोल्चिसिन हे वातरक्तावरचे औषध. अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकतो तेव्हा देतात. स्टॅटिनसोबत, विशेषतः किडनी कमजोर असताना, ते स्नायूंना इजा करू शकते. सर्दी-खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन आणि गजकर्णासाठी आठवडेच्या आठवडे घेतलेले इट्राकोनॅझोल ही दोन औषधे अटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी खूप वाढवतात. पावसाळी भागात गजकर्ण घरोघरी असते आणि त्वचेच्या डॉक्टरांना कोलेस्टेरॉलची गोळी कुणी सांगत नाही. सांगा. ते दुसरे औषध देतील किंवा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायला सांगतील.

बाजारात मिळणाऱ्या, नाव-घटक नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या मुळीच घेऊ नका. एका दिवसात गुण आला तर त्यात स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळल्याचा संशय घ्यावा.

पावसाळ्यात ताप आणि सांधेदुखी एकदम आली तर डेंगी किंवा चिकनगुनिया असू शकतो. डेंगी नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, डिस्प्रिन नको. रोजची इकोस्प्रिन चालू ठेवायची की नाही हे प्लेटलेट पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे.

ताबडतोब दवाखाना

लघवी चहाच्या किंवा कोकमाच्या रंगाची झाली, सोबत अंग मोडून येऊन हातापायांची ताकद गेली, लघवीच कमी झाली, शौचाला डांबरासारखे काळे झाले, डोळे पिवळे पडले, किंवा छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, तर दुखण्याची पुढची गोळी घेऊ नका. १०८ ला फोन करा नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या.

खिशातला कागद

एका कागदावर चार ओळी लिहा: रोजच्या गोळ्यांची मूळ नावे आणि मिग्रॅ, शेवटचा क्रिएटिनिन आणि एसजीपीटी तारखेसह, स्टेंट-अटॅक-अल्सर काही झाले असेल तर त्याचे साल, आणि कोणत्या गोळीने पूर्वी त्रास झाला ते. मोबाइलमध्ये फोटो असला तरी कागद ठेवा, चार्जिंग संपते. नावे लिहिताना पाकिटावरची इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उतरवा, म्हणजे कोल्हापुरात आणि अथणीत दोन्हीकडे वाचता येतील. काउंटरवर कन्नड बोलणारा असेल आणि आपली मराठी पोचत नसेल, तर "कोलेस्ट्रॉल गुळगी चालू ऐति" (कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे) एवढे तीन-चार शब्द म्हणून कागद पुढे सरकवा. त्यानंतर गुडघ्याची गोळी मागा.